सातवं गाणं

वूच शहरात, ट्रामच्या वळणाशी, आमचं दुकान.
चेन बदलून मिळेल, लांबी कमी करून मिळेल,
रफू विचारून.

प्लेअर बहिणीच्या मुलाचा, कायतानचा.
तो ग्दान्स्कला गेला जहाजं रंगवायला
आणि झाकण अडकलेलं हे यंत्र
माझ्या गळ्यात बांधून गेला.
आत एक सीडी. निघत नाही.
ऑक्टोबरपासून मी एकच अल्बम ऐकते आहे,
लांबलेल्या पाहुण्याचं ऐकून घ्यावं तसा.

पहिली सहा गाणी बरी. पायाला ठेका मिळतो.
तिसऱ्यावर एका पँटच्या दोन्ही मोहऱ्या होतात.
सातवं लागलं की मात्र मी उठायचे,
इस्त्रीत पाणी भरायला.

कारण ते गाणं म्हणजे, काय सांगू,
कुणीतरी एका बाईचा गळा उसवलाय.
एक तुकडा ताणून पुरुषाएवढा केलाय,
एक आवळून बाहुलीएवढा,
एक चक्क उलटा लावलाय, शिवण बाहेर.
शब्द कोणत्या भाषेतले तेही कळत नाही.
"मशीन बिघडलं का हो?" हाल्श्काबाईंनी विचारलं.
म्हटलं, हो, रोज चार मिनिटं बिघडतं.

त्यांनीच नवऱ्याचा कोट आणला होता.
नवरा गेला मार्चमध्ये. कोट आता मुलीच्या मापाचा हवा.
खांदे उतरवायचे, मुंढे आत घ्यायचे,
माणूस होता तेवढा काढून टाकायचा.
मी कोट मांडीवर पसरला, तोंडात सहा टाचण्या,
आणि सातवं सुरू झालं.

उठता येईना. ओरडताही येईना.
बसून ऐकलं, पहिल्यांदाच, शेवटपर्यंत.

मध्ये एका जागी सगळं थांबतं
आणि ती बाई श्वास घेते.
न ताणलेला, न आवळलेला, साधा, थोडा ओला श्वास,
काहीतरी म्हणायच्या आधीचा.
ते काहीतरी कापून टाकलंय. श्वास ठेवलाय.
आणि तिथेच, जोडावर, बारीकसं 'टक्'.

मी ओळखलं ना. टाका आहे.
जोडणाऱ्याला तो लपवता आला असता,
आणि त्याने लपवला नाही.
तीस वर्षं मी याच्या उलट करत आले आहे:
इथे काही फाटलंच नव्हतं, असं
कापडाकडून वदवून घेते.

मग त्या 'टक्'ची वाट बघणं सुरू झालं.
डिसेंबरात ते गाणं जिन्यात तोंडी आलं.
बाहुलीचा आवाज मला जमेना,
पुरुषाचाही जमेना,
दोन्हींच्या मधून जे निघालं
त्यावर शेजारचा कुत्रा भुंकला.
मी घरात शिरले आणि दार लावून परत म्हटलं.

जानेवारीत कायतान आला.
नखाएवढ्या पात्याने झाकण उचकटलं, दोन मिनिटांत.
सीडी उजेडात धरून म्हणाला,
"मावशी, ही चरली आहे की. सातव्यावर बघ.
गाणं असं नाहीच आहे मुळात."
आणि फोनवर लावून दाखवलं.

खरंच नव्हतं.
श्वास होता. 'टक्' नव्हतं.
अगदी माझ्या हातची रफू.

त्याच्या चेहऱ्यावर मला बरं वाटावं अशी तयारी होती.
म्हणाला, नवीन आणतो, ही टाकून दे.
मी ती त्याच्या हातातून घेतली, पुसलीसुद्धा नाही,
जपून आत ठेवली
आणि झाकण मुठीने बंद केलं. परत अडकलं. बरं झालं.

कोट गेला. हाल्श्काबाईंच्या मुलीला बसला म्हणे,
फक्त डाव्या बाहीत काहीतरी टोचतं.
म्हटलं, आणा, बघते.
अजून आणला नाही.

सातवं लागतं तेव्हा
इस्त्री हल्ली कोरडीच असते.